ती जागा पुन्हा लावा

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्याच वर्षी रहिमतखाँही गेले. एक बालगंधर्वांचे गुरू, पुण्यात भारत गायन समाज उभा करणारे. दुसरे ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे चिरंजीव, छत्र्यांच्या सर्कशीबरोबर गावोगाव हिंडलेले, ज्यांना लोक भूगंधर्व म्हणत. दोघांनीही आपल्या काळच्या श्रोत्यांना वेड लावलं होतं. पण आज दोन श्रोते या दोघांविषयी बोलायला बसले, की बोलण्याची तऱ्हाच बदलते. रहिमतखाँच्या उतारवयातल्या काही ध्वनिमुद्रिका आहेत. भास्करबुवांची एकही नाही. त्यामुळे भास्करबुवांविषयी आपण ऐकीव गोष्टी सांगतो आणि मान डोलावतो. रहिमतखाँविषयी मात्र आपल्याला भांडता येतं.

हे भांडता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, असं मला वाटतं. ते आपल्याकडे कधी आलं, कसं रुजलं आणि आता त्याचं काय होतंय, याचा हा मागोवा.

ध्वनिमुद्रिका येण्याआधी गाण्यावर मतं नव्हती असं कोण म्हणेल? उलट मतांना धारच जास्त होती. कोल्हापूरच्या देवल क्लबात, मुंबईत गिरगावातल्या बैठकींत, पुण्यातल्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत रात्र-रात्र गाणं व्हायचं आणि घरी परतताना वाटेवर त्याची चिरफाड व्हायची. पण त्या मतांना पुरावा एकच, आपली आठवण. "खाँसाहेबांनी समेवर येताना काय केलं ते तुझ्या लक्षात आलं नाही," असं एकानं म्हटलं की दुसऱ्याकडे उत्तर नसायचं. गाणं तर विरून गेलेलं. मग ज्याचं वय जास्त, ज्याची बसायची जागा गवयाच्या जवळची, ज्याच्याकडे घराण्याचा गंडा, त्याचं मत वरचढ ठरायचं. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत होते. ध्वनिमुद्रणाची सगळी सोय त्यांच्या डोळ्यांदेखत झाली. तरी त्यांनी ध्वनिमुद्रिका दिली नाही. त्यांच्या गाण्याविषयीचं प्रत्येक मत त्यामुळे शिष्यांच्या गळ्यातून किंवा जुन्या श्रोत्यांच्या तोंडून आलेलं आहे. गोविंदराव टेंब्यांसारखा साक्षीदार मिळाला हे आपलं भाग्य. स्वतः पेटीवर बसणारा, गाण्याच्या आतल्या गोष्टी कळणारा आणि लिहिताही येणारा माणूस. 'माझा संगीत व्यासंग' वाचताना बैठक डोळ्यांपुढे उभी राहते. पण कानांपुढे नाही. टेंब्यांशी असहमत व्हायचं म्हटलं तर कशाच्या आधारावर व्हायचं?

१९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग यानं कलकत्त्यात हॉटेलच्या खोलीत कर्णा मांडून गाणी घ्यायला सुरुवात केली. गौहरजानची ती गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक असते: गाणं संपताना ती इंग्रजीतून स्वतःचं नाव पुकारते. मुद्रण झालेल्या मेणाच्या चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कामगारांना हे कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ही योजना. पुढे १९०८ साली कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला तेव्हा तो फेरा संपला. पण त्या पुकाऱ्यानं श्रोत्यांचंही एक काम करून ठेवलं, ते फारसं कुणी सांगत नाही. त्यामुळे आवाजाला कायमचं नाव चिकटलं. कुठल्याही गावातला, गौहरजानला कधीही न पाहिलेला माणूस ठामपणे म्हणू शकला, "ही गौहरजान, आणि तिची ही तान मला आवडली." गवयाच्या समोर बसण्याचा मान नसलेल्या माणसाला मत मिळालं.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. बैठकीला जाणं घरंदाज बाईला शक्य नव्हतं. घरात यंत्र आलं आणि माजघरापर्यंत गाणं पोचलं. पुढच्या पिढीत चांगलं ऐकणाऱ्या बायका मोठ्या संख्येनं दिसतात, त्याचं एक कारण मला त्या कर्ण्यात दिसतं.

पण काय पोचलं? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत, म्हणजे १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत, गवयाला कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. तंबोरा जवळजवळ ऐकूच यायचा नाही, तबल्याची नुसती टकटक. ज्याच्या बैठकीत एक राग दीड तास चालायचा त्यानं बंदिश, दोन-चार आवर्तनं, थोड्या ताना आणि समारोप एवढं सगळं चावी उतरायच्या आत उरकायचं. त्यामुळे ध्वनिमुद्रिकेवरचं पहिलं जाणकार मत हे नापसंतीचं होतं: हे गाणं नव्हे, ही गाण्याची वानगी. अनेक गवयांनाही तसंच वाटे. नाट्यपदाला हा तीन मिनिटांचा साचा मानवला, ख्यालाला नाही, हे तेव्हाच्या श्रोत्यांचं म्हणणं चूक नव्हतं. तरी मला वाटतं, ते पुरतं बरोबरही नव्हतं. अब्दुल करीम खाँ यांच्या १९३०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका ऐका. सव्वातीन मिनिटांत राग आपला सगळा चेहरा दाखवतो, आणि घाई कुठे आहे ते सापडत नाही. इतकं कमी बोलून इतकं सांगायचं तर आधी किती टाकून द्यावं लागलं असेल, याचा विचार श्रोता करू लागला तो ध्वनिमुद्रिकेमुळेच.

गदगमध्ये एका दुकानातून अब्दुल करीम खाँची ध्वनिमुद्रिका ऐकून असं गाणं आपल्याला यायला हवं असं वाटलं, हे भीमसेन जोशी सांगत आले. अकराव्या वर्षी ते घर सोडून गुरूच्या शोधात निघाले. बेळगावकडच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली, म्हणजे पुढचे कुमार गंधर्व, लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवायचा आणि थिएटरं भरायची. या गोष्टी आपण त्या दोघांच्या थोरवीच्या म्हणून सांगतो. मला त्यातला श्रोता महत्त्वाचा वाटतो. त्या पोराचं गाणं ऐकायला बसलेल्यांना मूळ ध्वनिमुद्रिका पाठ होती. तो कुठे मूळ बरहुकूम गातोय, कुठे नाही, हे ओळखणारे कान त्या थिएटरात शेकड्यांनी होते. आधीच्या पिढीत हे शक्यच नव्हतं. सगळ्यांनी ऐकलेलं नेमकं एकच गाणं, असं काही आधी अस्तित्वातच नव्हतं.

लेखी टीकेचं काय? लंडनमध्ये १९२३ साली कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकारानं 'द ग्रामोफोन' नावाचं मासिक काढलं. नव्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांवर महिन्याच्या महिन्याला लिहायचं, वाचकांनी त्यावर पत्रं पाठवायची, असा तो व्यवहार. आपल्याकडे असं झालं नाही. झालं ते निराळं, आणि काही बाबतींत अधिक खोल. केशवराव भोळे यांनी टोपणनावानं गायकांवर लेख लिहिले. 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' या प्रभातच्या चित्रपटांना संगीत देणारे भोळे हे आपल्या भाषेतले गाण्याचे पहिले शिस्तीचे परीक्षक म्हणावेत असे. आवाज कसा लावला आहे, स्वरोच्चार उघडा की दाबलेला, लय कुठे धरली, कुठे सोडली, हे ते सांगत. नुसतं "वा" म्हणून थांबत नसत. बी. आर. देवधरांनी स्वतः ऐकलेल्या गवयांची शब्दचित्रं लिहिली, 'संगीत कला विहार' मासिकातून गाण्याची चर्चा चालवली. वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ साली आलं आणि घराण्यांकडे स्वर आणि लय यांच्या तोलातून पाहायची सवय मराठी श्रोत्याला लागली. आजही आपण "हे जरा लयीकडे झुकलेलं आहे" असं सहज म्हणतो, ते वामनरावांकडून आलेलं आहे हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसतं.

मात्र या सगळ्या लेखनाचा विषय गायक होता, घराणं होतं. अमुक ध्वनिमुद्रिका, अमुक बाजू, त्यात अमुक ठिकाणी काय घडतं, हे त्यात क्वचित येतं. ध्वनिमुद्रिकांवरची खरी चर्चा तोंडी राहिली. ती दिवाणखान्यात झाली, दुकानाच्या फळीवर झाली, लोकलच्या डब्यात झाली आणि विरली. मराठीत संगीतसमीक्षा इतकी समृद्ध असताना ध्वनिमुद्रिकेचं परीक्षण हा प्रकार रुजला नाही, हे मला आपल्या वाङ्मयातलं मोठं न्यून वाटतं.

तोंडी चर्चा कशी चालते ते जवळून बघण्यासारखं असतं. जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांच्या बैठकीत पहिला अर्धा तास गाण्यावर कुणी बोलतच नाही. बोलणं चालतं वेगावर. मिनिटाला ७८ फेऱ्या हा वेग पुढे ठरून गेला. त्याआधीच्या कर्ण्याच्या काळात मुद्रण करणाऱ्याचं यंत्र त्याहून हळूही फिरायचं, जलदही. यंत्र ७८ ऐवजी साडेत्र्याहत्तरच्या आसपास फिरवलं की आवाज एक पट्टी उतरतो. काळी एकचा गवई पांढरी एकमध्ये येतो. तीन मिनिटांचं गाणं दहा-अकरा सेकंदांनी लांबतं. ऐकायला हा फरक किरकोळ वाटेल, पण आवाजाची जात बदलते. बारीक, ताणलेला वाटणारा गळा भरदार होतो. चुरचुरीत वाटणारी तान दाणेदार होते. "यांचा आवाज बायकी होता" असं एखाद्या गवयाविषयी वर्षानुवर्षं बोललं गेलेलं असतं आणि दोष निघतो मोटारीचा.

मग खरा वेग ठरवायचा कसा? कुणी सांगतं, त्या गवयाची पट्टी अमुक होती असं वडीलमंडळींकडून ऐकलंय. कुणी म्हणतं, त्याच दिवशी घेतलेली दुसरी तबकडी लावा, दोन्हींचा षड्ज जुळतो का बघू. कुणी तंबोरा जुळवून बसतो आणि यंत्राचा काटा हळूहळू मागे घेतो. पेटीची साथ असेल तर तेवढा एक आधार मिळतो. आणि मग एका क्षणी, काटा एका जागी आला की, खोलीतल्या सगळ्यांनाच कळतं: हा माणसाचा गळा आहे. त्याचं स्पष्टीकरण कुणाला देता येत नाही. पण पाच-सहा जणांचे कान एकाच ठिकाणी थांबतात हे मी पाहिलेलं आहे, आणि मत म्हणजे नुसती आवडनिवड नव्हे हे मला तिथे पटलेलं आहे.

वेग ठरला की मग भांडण. रहिमतखाँची भैरवीतली 'जमुना के तीर' आणि अब्दुल करीम खाँची तीच ठुमरी एकापाठोपाठ लावायची, हा अशा बैठकींतला आवडता खेळ. रहिमतखाँचा प्रभाव अब्दुल करीमांवर होता हे सगळेच लिहितात. इथे तो कानांनी तपासता येतो. स्वराला अलगद भिडण्याची ती रीत, आवाज कुठेही आपटू न देण्याची ती काळजी दोघांत आहे. पण रहिमतखाँ उतारवयात, थकलेल्या मनानं गात आहेत. त्यांचं गाणं तुकड्या-तुकड्यांनी येतं. करीम खाँनी त्या तुकड्यांना सलग ओघ दिला. कुणाला हा ओघ म्हणजे पुढचं पाऊल वाटतं, कुणाला मूळच्या त्या अवचित चमकण्याची सर त्याला वाटत नाही. माझा कौल करीम खाँना आहे. तरी दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला दर वेळी थोडं अधिक पटत जातं. कुणीतरी म्हणतं, "ती जागा पुन्हा लावा," आणि सुई उचलून पुन्हा ठेवली जाते. टेंब्यांच्या काळच्या श्रोत्याला याच गोष्टीसाठी काय द्यावंसं वाटलं असतं!

एलपी आली ती १९५०चं दशक सरता सरता. एका बाजूला वीस मिनिटं. ख्यालाला श्वास घ्यायला जागा मिळाली आणि श्रोत्यांच्या चर्चेचाही स्वर बदलला. आता वानगीवर समाधान मानायचं नव्हतं. बढत कशी केली, हा प्रश्न विचारता येऊ लागला. १९६०च्या सुमारास आलेली अमीर खाँची मारवा आणि दरबारीची एलपी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत झिजेपर्यंत वाजली. तिच्यावरून वादही तितकेच झाले. आग्रा-जयपूरच्या लयीच्या खेळावर पोसलेल्या कानांना तो झुमऱ्यातला संथ मारवा सुरुवातीला जड जायचा. षड्ज येता येत नाही. कोमल रिषभावर आणि धैवतावर गाणं तरंगत राहतं. मंद्रात गेलेला आवाज वर यायला तयार नसतो. "गवई कधी गायला लागणार?" असं विचारणारे होते. तेच लोक, चौथ्या-पाचव्यांदा ऐकल्यावर, मारवा म्हणजे हाच असं म्हणू लागले. बैठकीत एकदा ऐकून हे झालं नसतं. पुन्हा पुन्हा ऐकण्यानं मत बदलतं, आणि बदललेलं मत आधीच्या मतापेक्षा बहुधा जास्त खरं असतं. एलपीनं मराठी श्रोत्याला ही सवय लावली.

किशोरीताईंच्या भूपाच्या एलपीवरून तर घराघरांत तट पडले. मोगूबाईंची मुलगी, जयपूरची तालीम, आणि आवर्तनाच्या विणीपेक्षा स्वराच्या आर्जवाकडे ओढ. जुने म्हणत, ही वाट घराण्याची नाही. तरुण म्हणत, राग आम्हाला पहिल्यांदा दिसला. आज तो वाद निवला आहे आणि ती एलपी अभिजात ठरली आहे. पण जुन्यांनी जे म्हटलं त्यात तथ्य होतं, हे विसरलं जाऊ नये. त्यांनी एका नेमक्या फरकावर बोट ठेवलं होतं. चुकलं ते त्या फरकाला दोष मानण्यात. आवडलं-नावडलं यापलीकडे जाऊन फरक ओळखणारा श्रोता विरोधात असला तरी उपयोगाचा.

त्या काळात दुकानं ही चर्चेची ठाणी होती. मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये घेण्याआधी ऐकायची सोय होती, आणि शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस "ती नको, ही घ्या" असं सांगून जायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं. पुण्यात सुरेश आलूरकरांनी आपल्या आलूरकर म्युझिक हाउसमधून कॅसेटच्या काळात अशा गवयांचं गाणं काढलं, ज्यांची नावं मोठ्या कंपन्यांच्या यादीत फारशी दिसत नसत. तिथे विकणारा आणि घेणारा दोघंही श्रोतेच. अमुक राग यांच्याकडून ऐका, हे तिथे सांगितलं जायचं आणि चार दिवसांनी येऊन गिऱ्हाईक आपलं मत ऐकवून जायचं.

एका श्रोत्याच्या मताला काय करता येतं याचं सर्वांत मोठं उदाहरण मात्र दूर अमेरिकेत घडलं, आणि त्याचा संबंध थेट गोव्यातल्या केरी गावाशी आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचं संगीत पाठवायचं ठरलं. कार्ल सेगन यांच्या गटानं संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांचा सल्ला घेतला. त्यांनी दिलेल्या यादीत अगदी वर होती केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची जुनी ध्वनिमुद्रिका, बाजारातून केव्हाच गेलेली. गटातल्या ॲन ड्रुयननं न्यूयॉर्कमधली दुकानं पालथी घातली. शेवटी एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, एका टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. २० ऑगस्टला व्हॉयेजर-२ आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ सुटलं. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत अतिशय काटेकोर असलेल्या, मोजक्याच तबकड्या दिलेल्या या गायिकेचा आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला तो एका चांगल्या श्रोत्यानं दुसऱ्यांना "हे ऐका" म्हटलं म्हणून. त्या यादीवर अनेकांची मतं असतील. पण जयपूरची ती भरीव, आकारयुक्त तान साडेतीन मिनिटांत इतकी स्वच्छ दुसऱ्या कुठे सापडते, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

स्पूलांचं जग तबकड्यांच्या या बाजाराला समांतर चाललं होतं. घरगुती टेपरेकॉर्डर आले तसे रेडिओवरचे कार्यक्रम आणि खासगी बैठका लोकांनी टेपवर घेतल्या. १९५२ पासून आकाशवाणीचा शनिवार रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो टिपून ठेवण्यासाठी कितीतरी घरांत माणसं यंत्रापाशी बसून राहिली. टेप महाग, म्हणून सेकंदाला साडेसात इंचांऐवजी पावणेचार इंचांवर लावायची, म्हणजे तेवढ्याच टेपेत दुप्पट गाणं मावतं, आवाज थोडा मार खातो. आज आपण ज्या मोठ्या मैफली ऐकतो त्यांतल्या कित्येक अशा काटकसरीतून वाचलेल्या आहेत.

या जगात एक कटू बाजूही होती. गवयाची परवानगी न घेता मुद्रण व्हायचं. संग्राहक आपला ठेवा दाखवायचे, द्यायचे नाहीत. "माझ्याकडे त्यांचा असा मालकंस आहे की तुम्ही ऐकलाच नसेल" हे वाक्य ऐकून कितीजण मुकाट घरी परतले असतील! न ऐकवलेल्या मुद्रणाविषयीचं मत म्हणजे पुन्हा भास्करबुवांच्या काळात जाणं. फक्त इथे गाणं अस्तित्वात असतं आणि मुद्दाम झाकलेलं असतं. मला हे क्षमा करण्यासारखं वाटत नाही.

आणि लेबलांचा घोळ. स्पूलच्या खोक्यावर शाईनं लिहिलेलं असतं, 'पूरिया, पुणे'. साल नाही, साथीदार नाही. प्रतीवरून प्रत काढताना तेवढंही गळतं, खरखर वाढते. मग पुढच्या श्रोत्यांनी शोध घ्यायचा: ठेका कुणाच्या हाताचा वाटतो, आवाज कोणत्या वयाचा, मागे रेडिओवरच्या निवेदकाचा अर्धा शब्द राहिलाय का. बालगंधर्वांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. १९६७ पर्यंत ते होते. थकलेल्या वयातली त्यांची मुद्रणं आहेत आणि ऐन भरातल्या तबकड्याही. ज्यानं फक्त शेवटची मुद्रणं ऐकली त्याला "एवढं काय होतं यांच्यात?" असं वाटलं तर दोष त्याचा नाही, त्याला साल न सांगणाऱ्याचा आहे. तारीख नसलेलं मुद्रण गवयावर अन्याय करतं.

म्हणूनच १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मंडळाचं काम मला मोलाचं वाटतं. ऑस्ट्रेलियातले मायकल किनियर, मुंबईचे सुरेश चांदवणकर आणि मोजके संग्राहक यांनी ते उभं केलं. लपवून ठेवण्याची रीत मोडून एकत्र बसून ऐकायचं, ऐकलेल्यावर बोलायचं, आणि 'द रेकॉर्ड न्यूज' या इंग्रजी नियतकालिकात तबकड्यांचे क्रमांक, कंपन्या, बाजू यांच्या याद्या छापायच्या. क्रमांकांच्या याद्या रूक्ष दिसतात. पण तबकडीचा क्रमांक कळला की मुद्रणाचा काळ कळतो, काळ कळला की गवयाचं वय, आणि वय कळलं की मत जबाबदार होतं. किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांची जी सूची केली, तिच्यावाचून आज कुणी त्या काळाविषयी धड बोलूच शकत नाही. आपल्या संगीताचा हा पाया एका ऑस्ट्रेलियन माणसानं इतक्या निष्ठेनं रचावा आणि मराठीत तशी सूची फारशी कुणी करू नये, याचं वाईट वाटतं.

आता मोबाइलवर सगळंच आहे. ज्या मालकंसासाठी लोक संग्राहकाच्या दारात उभे राहायचे तो सकाळी चहाच्या वेळेला कुणीतरी पाठवून देतो. सोबत फुलं आणि हात जोडलेली चित्रं. खाली पंधरा जण "अप्रतिम", "दैवी", "निःशब्द". गाणं साडेत्रेचाळीस मिनिटांचं असतं आणि पहिला "निःशब्द" दोन मिनिटांत आलेला असतो. हे मला खरोखर खुपतं. गाणं इतकं मुबलक कधीच नव्हतं आणि गाण्यावरचं बोलणं इतकं पातळ कधीच नव्हतं. गवयाचं नाव चुकीचं, रागाचं नाव चुकीचं, तबला कोण वाजवतंय त्याचा पत्ता नाही. ज्या पुकाऱ्यासाठी गौहरजानला मुद्दाम नाव घ्यायला लावलं, तोच पुकारा गळून पडलाय. आणि असहमती दाखवली की लोकांना अपमान वाटतो. मोठ्या गवयाच्या एखाद्या मैफलीत सूर लागला नव्हता, असं म्हणणं म्हणजे त्याचा अनादर नव्हे. त्याच गवयाची दुसरी, लागलेली मैफल आपण ऐकली आहे, म्हणूनच आपण ते म्हणू शकतो.

तरी मी निराश नाही. चार-पाच माणसं मिळून, ठरवून, एकच मुद्रण ऐकणारे लहान गट ठिकठिकाणी आहेत. शिकणारी मुलं एकाच बंदिशीची तीन-चार मुद्रणं शेजारी ठेवून ऐकतात. त्यांना यंत्राची बटणं कळतात, वेगही तपासता येतो. त्यांना कमी पडते ती माहिती, आणि ती आपल्यापैकी अनेकांच्या घरी पडून आहे. माळ्यावरच्या स्पूलांच्या खोक्यांवर आजोबांच्या अक्षरात जे लिहिलंय ते आधी उतरवून घ्या. त्या बैठकीला हजर असलेलं कुणी हयात असेल तर त्यांना फोन करून विचारा: साल कुठलं, साथीला कोण, कुणाच्या घरी. टेपेची प्रत योग्य जागी, योग्य माणसांकडे द्या. आणि पुढच्या वेळी कुणाला गाणं पाठवाल तेव्हा हात जोडलेलं चित्र गाळून दोन ओळी लिहा: कोण, कुठला राग, केव्हाचं, आणि कितव्या मिनिटाला काय ऐकायचं. समोरचा कदाचित कळवेल की त्याला तिथे काही विशेष वाटलं नाही. त्याला उत्तर द्या, आणि ती जागा त्याला पुन्हा ऐकायला सांगा.